तू न प्यायलेली दारू

दादा,

तुझ्या दहाव्याला नदीवर, तुझ्या पिंडाशेजारी दारूची क्वार्टर ठेवली. बाकी काय बोलायचं ते पुढे बोलेन, पण हे आधी तुझ्या कानावर घालते.

विधी सकाळीच उरकले होते. पिंड मांडून आम्ही सगळे मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते, नाही असं नाही, पण एकही खाली उतरेना. मग आपल्याकडे चालतं ते सुरू झालं. चुलतभावानं हात जोडले, "तुज्या पोरीच्या, ऋतूच्या लग्नाचं आमी बघतो, तू निवांत जा." कावळा हलला नाही. वहिनीचा भाऊ म्हणाला, "बहिणीला अंतर देणार न्हाई." तरी नाही. उन्हाचा चटका बसायला लागला, लोक घड्याळं बघायला लागले. कोणीतरी विचारलं, "त्येला आवडत काय हुतं?" मी म्हणाले, "भडंग." ते तिखटजाळ भडंग, ज्याच्याकडे बघायचीही तुला बंदी होती आणि जे तू माझ्या सांगलीच्या घरी डब्यात हात घालून चोरून खायचास. माझं कोणी ऐकलं नाही.

भावकीतले शंकरतात्या पुढे आले. म्हणाले, "आरं, खरं काय ते ठेवा की. माणूस गेला, आता लाज कुणाची धरायची?" आणि कोणाच्या तरी मोटारसायकलच्या डिकीतून बाटली निघाली. इतक्या सहज निघाली की वाटलं, घरून निघतानाच घेतली असावी.

मी मधे गेले. "तात्या, दादा पीत नव्हता."

तात्या ओरडले वगैरे नाहीत. उलट मायेनं म्हणाले, "सुमे, तू त्येची भन. तुज्यापुढं कशाला पिईल त्यो? आन पीत नव्हता तर लिव्हर कशानं गेलं मग?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन वाक्यांचं उत्तर. पण वहिनीनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांना इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. खालच्या मानेनं ती एवढंच म्हणाली, "त्यांनी सांगितलंय न्हवं." आणि मी, चाळीस पोरांचा वर्ग एका आवाजात गप्प करणारी मास्तरीण, तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

तात्यांनी बूच काढलं, थोडी जमिनीवर शिंपडली, बाटली पिंडाला टेकवून ठेवली आणि सगळ्यांना हाकलत पार वर, रस्त्याच्या कडेपर्यंत मागे नेलं. कावळा आला. भाताला चोच लावली आणि गेला. "सुटला बिचारा," कोणीतरी म्हणालं. बायकांनी डोळ्याला पदर लावले. कावळा का आला ते मला माहीत आहे, माणसं लांब गेली म्हणून आला. पण आता हे गावात कोणाला सांगणार? तू दारुडा होतास याच्यावर कावळ्यानं शिक्का मारला.

आता गंमत बघ. तुझ्या नावची दारू गावात सगळ्यात जास्त कोणी प्यायली असेल तर ती तात्यांनी. फौजेतून सुटून आल्यापासून तू दर महिन्याला साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनला जायचास. साबण, तेल, बिस्किटांचे पुडे, वहिनीसाठी पावडर, आणि माजी सैनिकाच्या कोट्यातल्या रमच्या बाटल्या. एष्टीतून उतरलास की तुझ्या पिशवीतला आवाज साऱ्या पेठेला ऐकू जायचा. तात्यांना गुडघे चोळायला रम लागायची. ते गुडघे आतूनच चोळत असावेत, कारण बाटली आठवडाभरात संपायची. सरपंचाकडे पाहुणे आले की तुझ्याकडे माणूस यायचा. कोणाची मळणी, कोणाचं बारसं, तुझी बाटली हजर. आणि तू त्या सगळ्यांत बसून बडीशेप चघळायचास.

मी म्हणायचे, "दादा, तो कोटा घेणं सोड."

तू म्हणायचास, "कोटा सोडला तर लोक इचारतील का सोडला. मग काय सांगू?"

तुझं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नाला घाबरण्यात गेलं. लोक विचारतील, मग काय सांगू.

मला कळलं तेही तू सांगितलंस म्हणून नाही. पेन्शन घेऊन घरी आल्यावर तू अधूनमधून मिरजेला दवाखान्यात जायला लागलास. सांगलीहून मिरज जवळ म्हणून मुक्काम माझ्याकडे. सकाळी तू संडासात गेलास की नळ सोडून बसायचास, पाण्याचा आवाज बराच वेळ चालायचा. एकदा तू बाहेर आल्यावर मी आत गेले आणि मला रक्त दिसलं. थोडंथोडकं नाही. मी चहा करायचा सोडून तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. तू आधी मूळव्याध म्हणालास. मग म्हणालास, उन्हाचं असेल. मी हलले नाही, तेव्हा भिंतीकडे बघत सांगितलंस. पठाणकोटला असताना सुरू झालं. आधी आव पडते असं वाटलं, जवान हसायचे, मेसमधल्या डाळीला नावं ठेवायचे. मग रक्त. मग मिलिटरी हॉस्पिटल, तिथे दुर्बीण घालून बघितलं आणि आजाराला नाव दिलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा, कधी शांत तर कधी पेटलेली, आणि गोळ्या जन्माच्या. तुला हलक्या कामाला लावलं. नंतर तू लवकर निघालास आणि गावात सांगितलंस की माझी सर्व्हिस पुरी झाली.

हे सांगताना तू माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. तुझे कान लाल झाले होते. बर्फात पहारे केलेला माणूस, आणि बहिणीपुढे तुला संडासाचं नाव घेता येईना. मला त्या दिवशी तुझी इतकी माया वाटली, दादा, की मी तुला चिडवलंच. म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं तिकडे दुसरी बायको केलीस." तू हसलास. नंतर मी आत जाऊन रडले.

गावाला तरी किती दोष देऊ? तू लग्नाला गेलास की मांडवाच्या अगदी कडेला बसायचास, जिथून उठून जाता येईल अशा जागी. पंगतीला बसायचा नाहीस. मधेच गायब व्हायचास, आणि परत यायचास तेव्हा तोंड धुतलेलं, ओठ सुकलेले, चाल जरा सैल. लोकांनी ह्याचा काय अर्थ लावायचा? "फौजी मारून आला," इतकंच. अंगानं तू काडी. गाल बसलेले. सकाळच्या कार्यक्रमाला कधी वेळेवर नाही, कारण सकाळी तुझा घरातून पाय निघायचा नाही. पिणाऱ्या माणसाची सगळी लक्षणं तुझ्यात होती, फक्त पिणं नव्हतं. हे मी तुला एकदा म्हणालेसुद्धा. तू म्हणालास, "मंग बरंच हाय की. आयता बंदोबस्त झाला."

मिरजेतला तो दिवस आठवतो? रक्त तपासलं, त्यात लिव्हरचे आकडे बिघडलेले आले म्हणून सोनोग्राफी केली. तो तरुण डॉक्टर कागद बघून म्हणाला, लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. आपण दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मी ही अशी, जिना चढताना दोनदा थांबणारी, आणि तू माझ्या शेजारी, ज्याचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल बसतो. तू तिथेच म्हणालास, "सुमे, तुजी चरबी चुकून माज्यात गेली." मी तुझ्या दंडावर चापट मारली. डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं विचारलं, "दारू किती घेता?" तू म्हणालास, नाही घेत. "पूर्वी?" नाही. "मिलिटरीत होतात ना?" व्हय. तो गालात हसला आणि त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी हलक्या आवाजात, जणू मी बाहेर जायची वाट बघत. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गावात लोक समजतात ते तुला चाललं. पण इथे, जिथे तू खरं सांगायला आला होतास, तिथेही तुझं खरं कोणी धरेना.

मग मोठ्या डॉक्टरबाई आल्या. पोटाचे आजार बघणाऱ्या, केस पिकलेल्या. त्यांनी तुझे जुने कागद चाळले आणि त्या पोराला म्हणाल्या, "हे नाही म्हणतायत तर नाही. यांना कोलायटिस आहे, ते बघ आधी." आणि आपल्याला समजावून सांगितलं. चरबी अंगावर दिसली तरच असते असं नाही. आतड्याची सूज वर्षानुवर्षं धुमसत राहिली, खाल्लेलं अंगी लागलं नाही, वजन उतरलं, मग भराभर खाऊन चढवलं, पुन्हा उतरलं, मधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, की काही जणांच्या लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते. माणूस बारीक असेल तर कोणाला शंकाच येत नाही, म्हणून उशिरा कळतं. "तुमचं अजून हाताबाहेर गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आतडं शांत ठेवा. रोजच्या गोळ्या एक दिवस चुकवू नका. आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही, मी लिहून देईन तेव्हाच." तू मान हलवलीस. मला वाटलं, मिलिटरीतला माणूस आहे, हुकूम पाळेल.

परत येताना आपण भांडलो. ते भांडण तुझं-माझं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणाले, आता तरी गावात सांग. आजार आहे, पाप नाही. लोक जेवायचा आग्रह करणार नाहीत, तुला लपावं लागणार नाही, औषधाला कोणी सोबत येईल. तू माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ताक-भात कालवत होतास. म्हणालास, "दारुड्या म्हणू देत की. दारुडं प्रत्येक घरात एक हाय. दारुड्याच्या पोरीला स्थळ येतं, सुमे. पर बापाला हगायला रगात पडतंय म्हणल्यावर लोक इचारणार, पोरीला काय हाय का? कोण करल तिला?"

मी म्हणाले, "असं विचारणाऱ्याला पोरगी द्यायचीच कशाला?"

"तुला बोलायला सोपं हाय. तू सांगलीला ऱ्हातीस."

मला ते लागलं. कारण मी सांगलीला राहते, नोकरी करते, माझ्या तोंडाला येईल ते बोलते, ते कोणामुळे? बारावी झाल्यावर आईवडिलांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. तू रजेवर आलास, ट्रंक अजून खांद्यावरच होती, आणि दारातूनच म्हणालास, "सुमीला मास्तरीण करायची हाय." वडिलांपुढे तोपर्यंत कोणी ब्र काढला नव्हता. तुझ्या पगारातून माझं डीएड झालं. मला जीभ तू दिलीस, आणि स्वतःच्या वेळी माझ्यापुढेच हात जोडलेस की सुमे, गप राहा. याला काय म्हणावं ते मला अजून कळत नाही.

पुढची तीनेक वर्षं तू बिघडतच गेलास. मला कारण समजेना. मिरजेच्या गोळ्या तू नेमानं नेत होतास, मीच कितीदा आणून ठेवल्या. तरी रक्त थांबेना. मग तू गावच्या मेडिकलमधून स्टेरॉइड आणून खायला लागलास. खाल्लं की चार दिवसांत बरं वाटायचं, भूक लागायची, तोंड गोल व्हायचं. गाव म्हणायचं, रम लागू पडली फौजीला. सोडलं की पुन्हा तेच. मी तुला फोनवर फाडून खायचे. "डॉक्टरीण बाई मूर्ख आहेत का? चांगल्या गोळ्या घरात असताना हे विष कशाला?" तू म्हणायचास, "बघतो." इतकंच. तुझ्या 'बघतो'पुढे मी हात टेकले होते. मिरजेलाही यायचं टाळायला लागलास. येशील तर बाई विचारतील, मग काय सांगणार.

आणि मग पाय सुजले, पोटात पाणी झालं. हातापायाच्या काड्या आणि पुढे पोट. मी गावी आले तेव्हा तू ओट्यावर सदऱ्याची बटणं उघडी टाकून बसला होतास, आणि मला बघून बटणं लावायला लागलास, ती लागेनात. तसंच तुला मिरजेला आणलं. डॉक्टरबाईंनी नवे कागद जुन्या कागदांशेजारी ठेवून बघितले. लिव्हर दगड झालं होतं. एकाच गोष्टीनं झालं असं म्हणता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण तीन वर्षांपूर्वी जे हातात होतं ते गेलं.

वॉर्डातले ते दिवस मला लिहायचे नव्हते. पण ते गाळले तर तू काय भोगलंस ते कोणाला कळणारच नाही. तुला रक्ताची उलटी झाली तेव्हा मी बादली धरली होती. मला वाटलं नव्हतं माणसात एवढं असतं. मग लिव्हरचं विष डोक्यात गेलं आणि तू भलतंच बोलायला लागलास. फरशी पुसायला आलेल्या मावशींना तू पहाऱ्यावर असल्यासारखं दरडावून विचारलंस, "थम, कौन आता है?" त्या बिचाऱ्या दचकून फडकं टाकून पळाल्या. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा जावई त्याच्या बायकोला म्हणाला, "लय पिली की शेवटाला असंच हुतं बघ." वहिनी तुझे पाय चेपत होती. तिनं ऐकलं, मान वर केली नाही. तिनं बावीस-तेवीस वर्षं तुझे कपडे, तुझ्या चादरी गुपचूप धुतल्या, परसात आडोशाला वाळत घातल्या, आणि लोकांनी तिला दारुड्याची बायको म्हणून कीव दाखवली. ती तीही घेत राहिली.

जायच्या आदल्या दिवशी तू थोडा शुद्धीवर आलास. ओठ फाटले होते, मी ओल्या बोळ्यानं ते टिपत होते. तू मला ओळखलंस. म्हणालास, "सुमे, तू बोलशील. तुजं तोंड मला म्हाईत हाय. ऋतूचं लगीन हुईस्तोवर गप ऱ्हा." मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. तुला काय वाटलं असेल ते वाटलं असेल, कारण तू डोळे मिटलेस.

एवढ्याचसाठी मी नदीवर गप्प राहिले. वहिनीनं मनगट धरलं म्हणून नाही. तुला शब्द दिला नव्हता, तरी तो पाळला.

तेराव्याला घरात माणसं होती. मी वाढायला होते. ऋतूचं ताट बघितलं, तर भात नुसता चिवडलेला. वाटलं, बाप गेलाय, कसं गिळेल. मग ती उठून मागे परसात गेली. आली, बसली, पुन्हा गेली. येताना तोंड धुतलेलं. ओठ सुकलेले. दादा, मी वाढायचं ओगराळं खाली ठेवलं. मी हे आधी बघितलं होतं. मांडवाच्या कडेला बसलेल्या तुझ्यात, पंचवीस लग्नांत बघितलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी तिला माडीवर नेलं. "ऋतू, रक्त पडतं का तुला?" ती म्हणाली, "काय न्हाई आत्या, जागरणानं असंल." आणि भिंतीकडे बघायला लागली. तिचे कान लाल झाले होते. मी तिला जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीला म्हणाले, पोरीला चार दिवस सांगलीला नेते, मन रमेल. वहिनीनं पिशवी भरून दिली. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

सांगलीहून मी तिला मिरजेला नेलं. डॉक्टरबाईंनी मला बघून ओळखलं आणि मान खाली घातली. मग ऋतूकडे वळल्या. काय होतंय, किती वेळा, रक्त आहे का, वजन उतरलं का. ऋतू माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, मी बाहेर बसू का? ती म्हणाली, नको. आणि बोलायला लागली. कॉलेजसाठी साताऱ्याला राहायला गेल्यापासून होतंय. आधी कॅन्टीनच्या वड्यांवर घेतलं. मग रक्त पडलं तेव्हा घाबरून घरी आली.

"घरी कोणाला सांगितलंस?"

"पप्पांना."

"त्यांनी काय केलं?"

"पप्पा रडले. मग म्हणाले, कुणाला बोलायचं न्हाई, आईला बी न्हाई. लगीन हुईपर्यंत कळता कामा न्हाई. त्यांच्या रोजच्या गोळ्या होत्या, त्या मला द्यायचे. महिन्याला साताऱ्याला यायचे ना, तवा पुडी बांधून आणायचे. त्यानं बरं हुतं मी. आता त्या संपल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "त्यांच्या गोळ्या तू घेत होतीस. मग ते काय घेत होते?"

ऋतू म्हणाली, "म्हाईत न्हाई."

मला माहीत होतं, दादा. मेडिकलमधली विकतची स्टेरॉइड खात होतास. मिरजेला यायचं टाळत होतास, कारण बाईंनी हाच प्रश्न पहिल्या फटक्यात विचारला असता. आणि मी फोनवर तुला वाटेल ते बोलत होते, तेव्हा तू 'बघतो' म्हणत होतास. पोरीला इथे, याच खुर्चीवर आणून बसवायचं होतंस रे. तिला तिच्या गोळ्या मिळाल्या असत्या आणि तुला तुझ्या. गोळ्यांचा तुटवडा नव्हता. नुसतं तोंड उघडायचं होतं.

मला तुझा एवढा राग कधी आला नव्हता. तू रडलास, हे ऐकूनही आला. पोरीवर माया म्हणून स्वतःच्या तोंडातलं काढून तिला दिलंस, हे मला दिसतं आहे, आणि त्याच मायेनं तू तिलाही तुझ्यासारखं भिंतीकडे बघायला शिकवलंस, हेही दिसतं आहे. मी बाईंना सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन, आजाराचं नाव घेऊन, एकही शब्द हळू न बोलता. बाहेर बाकावर माणसं बसली होती, त्यात आपल्या भागातलीही असतील.

ऋतूची तपासणी व्हायची आहे. बाई म्हणाल्या, वेळेत आली आहे, लिव्हरही बघून घेऊ. वहिनीला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी बी येते तिकडं." तात्यांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही.

पण खरं सांगायचं राहिलं ते वेगळंच आहे. दवाखान्यातून निघाल्यावर आम्ही रिक्षात बसलो. ऋतू मिरज संपेपर्यंत बाहेर बघत होती. हुशार पोरगी, तुझ्यासारखी, सगळं जुळवत बसली असणार. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "आत्या, म्हणजे पप्पा माझ्यामुळं गेले?"

नाही म्हणाले तर खोटं, हो म्हणाले तर पोरगी आयुष्यातून उठेल. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "न्हाई गं बाळा. तू तर त्यांना सांगितलं होतंस. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई, म्हणून गेले."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. तुझ्या माघारी तुझ्या पोरीला मी तुझ्याबद्दल हे सांगितलं आहे, दादा. तेवढंच तिला आता जन्मभर पुरायला हवं.